चौथा फोटो

आमच्याकडच्या पुढाऱ्याचा खून झाला तेव्हा खुनी शोधायला पोलिसांना वेळ लागला नाही, कारण तो स्वतःच बंदूक घेऊन ठाण्यात आला. पुढाऱ्याचाच जुना कार्यकर्ता. पंधरा वर्षं सतरंज्या घातल्या, आणि जिल्हा परिषदेचं तिकीट मात्र पुढाऱ्याच्या साडूला मिळालं. पोंभुर्ण्याच्या बाजूला जंगल खात्याचं एक विश्रामगृह आहे. तिथल्या व्हरांड्यात भर दुपारी त्याने दोन गोळ्या झाडल्या, सायकलवर टांग मारली, ठाण्यात येऊन प्यायला पाणी मागितलं आणि सगळं सांगून टाकलं.

इतका सरळ खून लोकांना पसंत पडला नाही. पुढारी पुढच्या खेपेला मंत्री होणार असं तो स्वतः सांगत असे, आणि होणाऱ्या मंत्र्याने एका तिकिटापायी मरावं यात गावाची इज्जत राहत नव्हती. त्यामागे कुणीतरी मोठा हात हवा होता. हाताच्या शोधासाठी शहरातल्या एका वकिलांनी न्याय समिती काढली. समितीला लेटरहेड, रबरी शिक्का आणि सहा उपाध्यक्ष होते.

मी त्या काळात चंद्रपुरात, सरकारी दवाखान्याच्या कचेरीत कारकून होतो. अपघात, विषबाधा, मारामाऱ्या यांचे वैद्यकीय कागद माझ्या टेबलावरून जात. गडचिरोली जिल्हा वेगळा झालेला होता, पण जिल्हा वेगळा व्हायला एक आदेश पुरतो. कागद वेगळे व्हायला वर्षं लागतात. तिकडचेही बरेच कागद आमच्याकडेच यायचे. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांत माणसं कशाने मरतात याची मला बऱ्यापैकी कल्पना होती. बहुतेक जण बातमी होणार नाही अशाच कारणांनी मरत.

खुनानंतर सहा महिन्यांत समितीने चार संशयास्पद मृत्यू गोळा केले.

पहिला विश्रामगृहाचा खानसामा. शहरातल्या एका मुसलमान कुटुंबातला, सत्तरीचा, तीस वर्षं दम्याचा रोगी. दुसरा जंगल खात्याचा वनरक्षक. त्याला अस्वलाने फाडलं, आणि ते पाहणाऱ्या तेंदूपत्त्याच्या अकरा मजूर बायांचे जबाब माझ्या हातून गेले होते. तिसरा एका ठेकेदाराचा मुनीम, स्कूटरसमोर सांबर आलं. चौथा पुढाऱ्याच्या जीपचा ड्रायव्हर. मालक गेल्यावर त्याला जंगल खात्यात रोजंदारीवर जीप मिळाली होती, भामरागडकडे. तिथे भर पावसाळ्यात, रस्ता बंद असताना, तो आजारी पडला आणि तिसऱ्या दिवशी मेला.

कचेरीसमोर पानठेला होता. तिथे या चारांचा रोज हिशेब लागे. वकीलसाहेब संध्याकाळी येत, काळा कोट न काढता.

"एक मेला तर योगायोग," ते म्हणत. "दोन मेले तर योगायोग. चार?"

मी एकदा म्हणालो, "वकीलसाहेब, अस्वलाचं काय करायचं?"

"अस्वल कोणी त्या बाजूला हाकललं, ते पाहा ना बाबू."

"आणि सांबर?"

"तुम्ही सरकारी माणसं. तुम्हाला हसणं सोपं आहे."

पानठेलेवाला सुपारी कातरत म्हणाला, "सांबराले सुपारी देली असन जी."

सगळे हसले, वकीलसाहेबही हसले, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकात सांबर कायम होतं.

मी घरी बसून पेन्सिलीने हा हिशेब माझ्या पद्धतीने मांडून पाहिला होता. खुनी कबूल झालेला. मग तोंडं कोणाची बंद करायची, आणि कशासाठी? शिवाय मेलेले चौघेही पुढाऱ्याच्या ओळखीचे, हा पुरावा म्हणावा तर दोन जिल्ह्यांत पुढाऱ्याच्या ओळखीचा नसलेला माणूस दाखवा. त्याने प्रत्येक लग्नात आहेर केला होता, प्रत्येक मयतीला खांदा दिला होता. एवढ्या लोकांपैकी सहा महिन्यांत चारच मेले, हेच खरं तर नवल होतं. हे सगळं मला त्या वेळी फार हुशारीचं वाटत होतं.

मग नागपूरच्या प्रयोगशाळेतून ड्रायव्हरचा अहवाल आला.

तो पुढाऱ्याचा ड्रायव्हर होता, म्हणून पोलिसांनी शवविच्छेदन करायला लावलं होतं. तिकडच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने रिवाजाप्रमाणे पोटातले अवयव बाटल्यांत भरून ठेवले, आणि रस्ता सुरू झाल्यावर पाठवले. अहवालाच्या पहिल्या ओळीत होतं, विष आढळलं नाही. दुसरीत होतं, दारू आढळली.

हा कागद आमच्या कचेरीतून कसा बाहेर गेला ते मला आजही ठाऊक नाही. पण आठवड्यात तो पेपरात होता. समितीने म्हटलं, हा ड्रायव्हर दारूला शिवत नसे, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. म्हणजे मारेकऱ्यांनी बळजबरीने पाजून मारलं. विरुद्ध पक्षाच्या पेपराने म्हटलं, पिऊन मेला, त्यात राजकारण कसलं. दोघांनीही बातमीवर त्याचं नाव मोठ्या टाइपात छापलं होतं.

आणि मी? मला पहिल्यांदा वाटलं, वकील बरोबर असेल. तीन दिवस मला खरोखर तसं वाटत होतं. त्या माणसाला मी ओळखत होतो. पुढाऱ्याबरोबर दवाखान्यात यायचा, जीपपाशीच उभा राहायचा, पानसुद्धा खायचा नाही. पोंभुर्ण्याजवळच्या त्याच्या गावात, त्याच्या वस्तीच्या बुद्धविहारात, दर पौर्णिमेला लोकांकडून पंचशील म्हणवून घेणारा तोच होता. छप्पन साली त्याच्या बापाने दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून त्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. अशा माणसाच्या पोटात दारू कुठून आली, याला माझ्या पेन्सिलीच्या हिशेबात उत्तर नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याची बायको कचेरीत आली. तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत तो पेपर होता.

"भाऊ, हा कागद तुमच्या इथून गेला म्हणतात."

"नागपूरहून आला, बाई. आम्ही फक्त पुढे पाठवतो."

"मंग परत पाठवा. म्हणा, चूक झाली. माह्या माणसानं दारू घेतली नाई."

मी म्हणालो, कोणी बळजबरीने पाजली असेल. हे मी दिलासा म्हणून म्हणालो. माझ्या तोंडून वकील बोलत होता.

तिने पेपर माझ्यापुढे ठेवला. "त्यानं घेतली म्हणा, नाई तं त्याले पाजली म्हणा. पोटात गेली असंच दोघंबी म्हणून राह्यले ना? मी परवाच्या पौर्णिमेला विहारात गेली तं बाया सरकून बसल्या. कोणी काई बोललं नाई. सरकल्या फक्त."

"बाई, कागदात लिहिलंय ते—"

"तुमी त्याले मेल्यावर पाह्यलं?"

"नाही."

"मीबी नाई पाह्यलं. रस्ता बंद होता. तिकडंच जाळलं त्याले. मले घड्याळ आणि थैली आणून देली. त्याच्यासंग जीपवर असलेला माणूस म्हणते ताप होता, हातपाय झाडून राह्यला होता. त्या माणसाचं कोणी ऐकत नाई आणि कागदाचं ऐकते. काऊन जी?"

तिने एकच गोष्ट मागितली: त्याच्या नावाला लागलेली दारू पुसून द्या. ती गेल्यावर मी अहवाल काढला आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. होय, पहिल्यांदाच. वकिलाला, पेपरवाल्यांना आणि अख्ख्या शहराला हसणाऱ्या मी तोवर दोनच ओळी वाचल्या होत्या. खाली, सहीच्या वर, बारीक अक्षरात होतं: अवयव ज्यात ठेवले त्या द्रावणाचा नमुना सोबत आलेला नाही, सबब दारू पोटातली की द्रावणातली याबाबत मत देता येत नाही.

प्रयोगशाळेने आपलं काम चोख केलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं, एवढंच.

पण डॉक्टरच्या फॉर्मवर द्रावणाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं: मिठाचं पाणी. मिठाच्या पाण्यात दारू कुठून येणार?

डॉक्टरची तोवर बदली झाली होती. मी रजा टाकली आणि डिसेंबरात, नद्या उतरल्यावर, आलापल्लीवरून भामरागडच्या बसमध्ये बसलो. हे मी काही न्यायासाठी केलं नाही. त्या बाईसमोर मी जे बोललो होतो त्याची मला लाज वाटत होती, आणि लाज घेऊन कचेरीत बसवत नव्हतं.

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक मोहाचं झाड. नवीन डॉक्टर अजून यायचा होता. होता तो एक शिपाई, पन्नाशीचा माडिया आदिवासी, उन्हात टोपली विणत बसलेला. मी कुठून आलो ते सांगितलं. त्याने मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. मी बाटल्यांची गोष्ट काढली. मला वाटलं तो टाळेल. त्याने टोपली खाली ठेवली.

"डाक्टरनं सांगतला, मिठाचा पाणी कर. तीन बाटल्या. मी इचारलो, किती मीठ? डाक्टर म्हणला, दोन किलो तं लागलच. आणि तो दुसऱ्या रोग्याकडे गेला."

"मग?"

"मंग काय जी. रस्ता बंद होऊन महिना झाला होता. दुकानात मीठ नाई. गावात सगळ्याचा मिळून दोन किलो असन. लोक आंबील आळणी पिऊन राह्यले होते. जित्यायचा मीठ मेल्याले कसा टाकू?"

या भागात मिठाची काय किंमत आहे, ते मी पुस्तकात वाचलं होतं. ओंजळभर मिठासाठी ओंजळभर चारोळी देत, आणि मीठ देणारा व्यापारी त्या चारोळीवर माडी बांधत असे. पुस्तकात वाचलेलं असं समोर टोपली खाली ठेवून बसलं होतं.

"मग बाटल्यांत काय टाकलं?"

"मोहाची." तो अगदी सहज म्हणाला. "डाक्टरच्या कपाटात साप होता, स्पिरिटच्या बाटलीत. दोन साल झाले, सडला नाई. स्पिरिटचा वास आणि पहिल्या धारेचा वास एकच. स्पिरिट सरला होता. मी घरून आणली. चांगली होती जी, पाणी मारलेली नाई."

तो पुढे म्हणाला, "आमच्यात मेलेल्याले देतेत. थोडी भुईवर सांडली त्याच्या नावानं. परका माणूस, जवळ घरचा कोणी नाई. कोणीतरी द्याले पायजे ना."

म्हणजे दोन महिने दोन जिल्ह्यांत जिच्यावरून सभा झाल्या ती मोठ्या हाताची खूण ही होती. एका माणसाने गावाचं मीठ वाचवलं होतं, आणि परक्या मेलेल्याला आपल्या रीतीने मान दिला होता. सापाच्या बाटलीवरून त्याने काढलेला निष्कर्ष आमच्या वकिलाच्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा शास्त्राच्या जवळचा होता.

"तो माणूस मेला कशाने?" मी विचारलं.

"तापानं. डोक्यात गेला ताप. डाक्टरनं बोटाचा रक्त काचेवर घेतला होता, पेटीत पाठवला. सुई लागत होती, ती आली नाई. नदीच्या त्या पार येऊन पडली होती म्हणतेत."

औषध नदीच्या अलीकडे, रोगी पलीकडे. यात कोणाचा गुप्त हात शोधायचा? जो हात होता तो उघडा होता, आणि त्याच हाताने दर उन्हाळ्यात त्या नदीवरच्या पुलाचं भूमिपूजन होत असे. एकदा तर खुद्द त्या मारल्या गेलेल्या पुढाऱ्याने नारळ फोडला होता. जीप हाच ड्रायव्हर चालवत होता.

परत आल्यावर मी रक्ताची ती काचपट्टी शोधली. फार शोधावी लागली नाही. आमच्याच आवारात हिवताप विभागाची खोली होती, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर. त्यांच्या वहीत ड्रायव्हरचं नाव, गाव, तारीख आणि लाल शाईत निकाल: मेंदूत जातो त्या जातीचा हिवताप. निकाल तीन महिन्यांपूर्वीचा होता. तिथल्या कारकुनाला मी विचारलं, हे कोणाला कळवलं नाही का?

"कोणी मागितलं नाही," तो म्हणाला. आणि त्याचं बरोबर होतं. आम्ही सगळे विष मागत होतो.

शिपायाचा जबाब आणि वहीचा उतारा जोडून मी वर कागद पाठवला. तो शेरा होऊन परत आला: 'पाहिले. दप्तरी दाखल करावे.' मी तो कागद वकीलसाहेबांनाही नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. तेवढं श्रेय मी त्यांना देतो.

"चांगली जुळवलेली गोष्ट आहे," ते म्हणाले. "शिपायाला कोणी पढवलं?"

"कोणी नाही. मीच गेलो होतो."

"तुम्हाला कोणी पाठवलं?"

मला राग आला तो इथे. त्यांना खोटं हवं होतं म्हणून नाही. ते खोटारडे नव्हते, त्यांचा स्वतःच्या गोष्टीवर पक्का विश्वास होता. राग याचा की ताप, मीठ, नदी, सुई या गोष्टी त्यांना मरणाला शोभेशा वाटत नव्हत्या. माणूस कटात मेला तर सभा भरते. नदीच्या पलीकडे मेला तर वही भरते.

शिपाई माघ पौर्णिमेला ड्रायव्हरच्या गावी आला. मी त्याला पत्र टाकलं होतं, येईलच अशी खात्री नव्हती. दोन बसा बदलून आला, धुतलेलं धोतर नेसून. ड्रायव्हरच्या बायकोने त्याला विहारात पुढे बसवलं. वंदना झाल्यावर तो उभा राहिला आणि मला सांगितलं तेच सगळं सांगितलं, सापासकट.

शेवटी मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "गावात अजिबात मीठ नोतं काय गा?"

"दोन किलो होता, बाई. सगळ्याचा मिळून."

"मंग बराबर केलं," म्हातारी म्हणाली.

ड्रायव्हरची बायको मात्र एवढ्यावर सोडणारी नव्हती. "भाऊ, तुमी मान देला, मले समजते. पण माह्या माणसाच्या नावानं सांडायचं होतं तं पाणी सांडायचं होतं. त्याले पाणी चाललं असतं."

"मले मालूम नोता, बाई."

"आता झालं मालूम." तिने त्याला ताट वाढलं आणि स्वतः समोर बसून जेवू घातलं. निघताना म्हातारीने त्याच्या दुपट्ट्याच्या टोकात काहीतरी बांधून दिलं. काय असेल ते त्याने चाचपून पाहिलं आणि हसला.

विहाराच्या भिंतीवर एक खिळा रिकामा होता. ड्रायव्हरचा एकुलता एक फ्रेमचा फोटो तिथे असायचा. तो समितीने सभेसाठी मागून नेला होता.

वर्षश्राद्धाची सभा चंद्रपुरात मोठ्या मांडवात झाली. मधोमध पुढाऱ्याचा माणसाएवढा फोटो, त्याच्या पायाशी चार लहान, चौघांना झेंडूचे हार. वकीलसाहेब बोलायला उभे राहणार तेवढ्यात ड्रायव्हरची बायको मंचाच्या पायऱ्या चढली. मी खाली पहिल्या रांगेजवळ होतो. तिने चौथ्या फोटोचा हार काढून टेबलावर ठेवला आणि फोटो काखेत घेतला.

वकीलसाहेब हळूच म्हणाले, "बाई, काय करून राह्यल्या? तुमच्या माणसाला आम्ही हुतात्मा केलं आहे."

"त्याले ताप आला होता जी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण माइक चालू होता.

दोन उपाध्यक्ष पुढे सरकले. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते हार उचलायला आल्यासारखे हार उचलून मागे गेले. मांडवात कुजबुज झाली, मग भाषण सुरू झालं. पुढच्या पत्रकात छापून आलं की चौथ्या पीडिताच्या कुटुंबावर दबाव आणून फोटो काढून घेण्यात आला, आणि यात आरोग्य खात्याच्या एका कारकुनाची भूमिका तपासण्यासारखी आहे. पानठेल्यावर मला त्या दिवसापासून पान उधार मिळेना.

फोटो घेऊन ती सभेतून थेट पेंटरकडे गेली. मी सोबत होतो. फोटोखाली पांढऱ्या पट्टीवर नाव होतं, आणि पुढे मोकळी जागा.

"इथी लिहा, हिवतापानं गेले."

पेंटरने ब्रश पुसला. "बाई, फोटोखाली असं कोणी लिवत नाई. 'कालवश' लिवतो, नाई तं 'परिनिर्वाण'. रोगाचं नाव कोणी लिवते काय?"

"तुमी लिहा," ती म्हणाली. "आणि मोठं लिहा. मागं बसणाऱ्या बायायले वाचता आलं पायजे."